प्रीसबाईंचं एकशे बत्तिसावं कार्ड

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी मला भला माणूस समजायला नको.

आमच्या ब्रॅम्बर्टनच्या सायकल क्लबाची नोव्हेंबरअखेर शंभर किलोमीटरची फेरी असते. श्रॉपशरच्या टेकड्यांतल्या ज्या गल्ल्यांतून दिवसाकाठी एक ट्रॅक्टर आणि दोन मेंढ्या जातात, तेवढ्याच गल्ल्या वेचून हा रस्ता बांधलेला. सकाळी आठला निघायचं आणि संध्याकाळी चार वाजून वीस मिनिटांच्या आत गावच्या हॉलवर परत यायचं. शर्यत नाही. पहिला कोण आला हे कुणी विचारत नाही, पण चार एकवीसला येणारा आलाच नाही असं धरतात. निघताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं आणि एक वाटेचा कागद. किती अंतरावर कुठे वळायचं, ते ओळीने लिहिलेलं. यंदा तो कागद टाइप करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मूळ कागद दोन पानांचा होता. मला तो एका पानात बसवायचा होता. का? बसवून दाखवायचा होता, एवढंच. मी बघितलं तर त्यात अकरा ठिकाणी ‘चौक, सरळ जा’ असं होतं. सरळच जायचंय तर सांगायचं कशाला? हल्ली सगळ्यांच्या हँडलवर जीपीएस असतो, तोसुद्धा सरळ रस्त्यावर गप्प बसतो. मी त्या अकरा ओळी उडवल्या आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्या वळणाचं अंतर बेरीज करून दुरुस्त केलं. म्हणजे दहा ठिकाणी केलं. अकराव्याच्या वेळी आईने चहाला हाक मारली.

मूळ कागदात होतं: दोन पूर्णांक चार किलोमीटरवर चौक, सरळ जा, मग एक पूर्णांक तीनवर डावीकडे. माझ्या कागदात बेरजेऐवजी नुसता पहिला आकडा उरला: दोन पूर्णांक चारवर डावीकडे.

छप्पन्न जण निघाले. पंचावन्न जणांनी तो कागद घडी करून मागच्या खिशात कोंबला आणि यंत्राच्या मागे गेले. कागद वाचून चालवणारं माणूस आमच्याकडे एकच उरलंय. आयव्ही प्रीस.

प्रीसबाई अडुसष्ट वर्षांच्या. मी त्यांना ‘आयव्ही’ म्हणू शकत नाही. सगळा क्लब म्हणतो, माझी जीभ उचलत नाही. कारण गावच्या शाळेत त्या आमच्या स्वयंपाकघराच्या मालकीण होत्या. एकतीस वर्षं त्यांनी ब्रॅम्बर्टनच्या पोरांना दुपारचं जेवण घातलं. कुस्करलेल्या बटाट्याचा गोळा ताटलीत आदळण्याची त्यांची एक रीत होती. आवाजावरून कळायचं की आज बाईंचा मूड कसा आहे. मी बीट खात नसे. एकदा त्यांनी मला बीट संपेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं. सगळी शाळा मैदानात, आणि मी, बीट आणि प्रीसबाई. शेवटी बीट जिंकलं नाही, मीही जिंकलो नाही. त्या जिंकल्या.

मग एका वर्षी शाळेच्या जेवणाचे डबे बाहेरून गाडीने येऊ लागले. स्वयंपाकघराला कुलूप लागलं. बाईंना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, फुलं दिली आणि हेडमास्तर छान बोलले. ते घड्याळ बाईंनी कोंबड्यांच्या खुराड्यात लावलंय. “त्यांना तरी वेळेचं भान राहू दे,” म्हणतात.

त्याच्या पुढच्या महिन्यात, डिसेंबरात, त्या पहिल्यांदा शंभर किलोमीटर गेल्या. सत्तावन्नाव्या वर्षी, भाचीच्या जुन्या सायकलवर. त्यांचा नवरा विल्फ सायकलच्या वाटेला जात नाही. त्याला त्याच्या मुंगूसवजा फेरेटांतून सवड नसते. त्याने विचारलं होतं, “कशासाठी जातेस?” तर म्हणाल्या, “एकतीस वर्षं रोज बारा वाजता दोनशे पोरं माझी वाट बघत होती. आता कुणी नाही बघत. मग मीच ठरवलं, महिन्यातून एकदा तरी कुठेतरी वेळेवर पोचायचं.”

तेव्हापासून दर महिन्याला एक. बर्फात, वादळात, गुडघा सुजलेला असताना. प्रत्येक फेरीचं शिक्का मारलेलं कार्ड त्या खाटकाच्या सुतळीत ओवतात आणि ती माळ त्यांच्या कोठीघरात, कांद्यांच्या शेजारी लटकते. एकशे एकतीस कार्डं. एक महिनाही सुटलेला नाही. यंदाचं नोव्हेंबर एकशे बत्तिसावं, म्हणजे पुरी अकरा वर्षं. ती फेरी तीस तारखेला होती. नोव्हेंबरला एकतीस नसते.

माझं आटोपलं दीडला. कार्ड क्लेम बेडोजच्या पुढ्यात टाकलं. क्लेम फेरीचे सर्वेसर्वा. पूर्वी रेल्वेच्या सिग्नलवर होते. अजूनही कुणी हॉलमध्ये आलं की त्यांचा हात आधी घड्याळाकडे जातो, मग हस्तांदोलनाला. त्यांनी माझ्या कार्डावर शिक्का मारला, वेळ लिहिली आणि कार्ड बिस्किटांच्या डब्यात टाकलं. कार्डं ते शेवटी, सगळी एकदम तपासतात.

तपासायचं काय? तर वाटेत एक प्रश्न असतो. तिथे कुणी माणूस उभा नसतो, म्हणून एखाद्या आडजागेवर जाऊनच कळेल अशी गोष्ट विचारायची, आणि उत्तर कार्डावर लिहायचं. उत्तर बरोबर म्हणजे तुम्ही तिथून गेलात. यंदाचा प्रश्न मीच काढला होता: अपर स्टॅंटरच्या जुन्या लोहारशाळेच्या दारावर घोड्याचे नाल किती? उत्तर सात.

मी सूप प्यायलो, ब्रेड पुडिंगचे दोन तुकडे खाल्ले, इतरांच्या चिखलाला हसलो. अडीच वाजले. क्लेम दोनदा दाराशी जाऊन आले.

“आयव्ही पावणेतीनला येते,” ते म्हणाले. “त्यावर मी घड्याळ लावतो.”

पावणेतीन झाले. तीनला पाच कमी झाले. मी तिसऱ्या तुकड्यासाठी टेबलाशी गेलो. चहाच्या किटलीखाली डाग पडू नये म्हणून कुणीतरी माझाच उरलेला कागद अंथरला होता. किटली उचलली तेव्हा ओल्या गोलाच्या मधोमध एक ओळ दिसली. दोन पूर्णांक चार, डावीकडे.

दोन पूर्णांक चारवर तर स्टॅंटरचा चौक येतो. चौकात सरळ...

मी पुडिंग तसंच सोडलं.

“क्लेम,” मी म्हणालो, “चौकातून डावीकडची वाट कुठे जाते?”

“खाली. रेडलेकच्या ओढ्यात.”

“ओढ्याकडे?”

“ओढ्यात म्हणतोय मी. रस्ता पाण्यातूनच जातो. का रे?”

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. आठवडाभर पाऊस झाला होता. ते काही बोलले नाहीत, आणि क्लेम बोलत नाहीत तेव्हा सिग्नल लाल असतो.

“फोन करू या,” मी म्हणालो.

“तिचा फोन पिशवीत असतो, बंद करून. चार्जिंग वाचवते. आणि त्या खोऱ्यात रेंज कुठली?”

“मग तुम्ही व्हॅन काढा.”

“गाडीत बसवली की कार्ड गेलं. वाटेत बाहेरची मदत चालत नाही, तुला माहीत आहे.”

“चूक माझी आहे. तुम्ही त्यांना अर्धा तास वाढवून द्या!”

“देता येईल,” क्लेम सावकाश म्हणाले. “कार्डावर लिहावं लागेल, ‘सवलतीने’. तसलं कार्ड ती सुतळीत ओवेल का, ते तूच विचार तिला. मला धाडस नाही.” मग घड्याळ बघितलं. “ती पडली-झडली असेल तर कार्ड गेलं खड्ड्यात, मिळेल त्या गाडीत घाल आणि आण. धड असेल तर वाट दाखव, आणि दुसऱ्या कशाला हात लावू नकोस. चार एकवीसला मी व्हॅन घेऊन निघतो.”

हॉलपासून चौक नऊ किलोमीटर. मी उलट्या दिशेने सुटलो. पाय आधीच्या शंभराने भरून आलेले, पण ते तेव्हा कळत नव्हतं. लोहारशाळेवरून गेलो, मान वर केली नाही. डोक्यात एकच हिशेब चालला होता: चौकात त्या दोनच्या सुमाराला पोचल्या असणार. आता सव्वातीन. सव्वा तास एक बाई त्या खोऱ्यात काय करतेय?

चौकातून डावीकडे ‘मोटारींना अयोग्य’ अशी पाटी आहे. शहाणा माणूस ती वाचून मागे फिरेल. पण आमच्या क्लबात ती पाटी म्हणजे आमंत्रण. बाईंना शंकासुद्धा आली नसणार.

उतार उभा होता आणि पावसाने वरचे दगड सगळे रस्त्यावर आणून टाकले होते. मी ब्रेक सोडून गेलो, म्हणून व्हायचं तेच झालं. शेवटच्या वळणावर मागचं चाक दगडावर आपटलं आणि फुस्स झालं. मी उतरून तसाच सायकल ढकलत पळालो.

ओढा दिसायच्या आधी ऐकू आला.

उन्हाळ्यात तिथे मेंढीच्या घोट्याइतकं पाणी असतं. त्या दिवशी रस्ता तपकिरी पाण्यात शिरत होता आणि वीस पावलांवर पलीकडे निघत होता. बाजूला पायी जाणाऱ्यांसाठी लाकडी साकव आहे, एका बाजूला कठडा असलेला. त्याच्या फळ्यांवरूनही पाणी चाललं होतं. काठाच्या चिखलात एका अरुंद टायरची रेघ होती. सरळ, न डळमळता साकवापर्यंत गेलेली. पुढे पाणी.

“प्रीसबाई!”

मी कठडा धरून खाली बघितलं. फांद्या अडकल्या होत्या, एक प्लास्टिकची पिशवी फडफडत होती. बाई कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडलला लावतात. वाकून बघितलं तर ती खताची होती.

“प्रीसबाई! ओ प्रीसबाई!”

पलीकडची टेकडी काळी पडू लागली होती. मी बूट काढावेत की पोलिसांना कळवायला वर पळावं, काही सुचेना. मला पोहता येतं, पण ते शाळेच्या तलावात. आणि तेवढ्यात पलीकडच्या चढावर, झुडपांच्या मधून, एक पिवळा ठिपका हलला. खाली येऊ लागला. असला बारीक, कंजूस दिवा आमच्या तालुक्यात एकाच सायकलला आहे.

त्या काठाशी आल्या, उतरल्या, सायकल खांद्यावर घेतली आणि साकवावर पाय ठेवला. पाणी घोट्यावरून जात होतं.

“थांबा! मी येतो, सायकल मी धरतो!”

“ओरडू नकोस!” त्या ओरडल्या. “मी फळ्या मोजतेय! नववी मोडकी आहे!”

त्या कठड्याला एक हात लावून, पाय चाचपत, मोठ्याने मोजत येत होत्या. सात. आठ. मग थांबल्या, सायकलचं चाक वाऱ्याने फिरलं, त्या कलल्या. लांब पाऊल टाकून पुढच्या फळीवर आल्या. “दहा,” म्हणाल्या. चौदाव्या फळीनंतर माझ्यासमोर उभ्या राहिल्या. गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, ओठ निळे.

“तो कागद कुणी केला?”

“मी.”

“तू?” त्यांनी हँडलवरची पिशवी दाखवली. कागदाच्या बाजूला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला असतो. एक ओळ संपली की चिमटा एक ओळ खाली. चिमटा तिथेच, लोहारशाळेच्या ओळीवर थांबला होता. “पलीकडे चार किलोमीटर गेले मी. शेवटी एक गोठा लागला. त्यातला माणूस म्हणतो, इथे लोहार नाही, कधी नव्हता. मी त्याला म्हटलं, कागदावर आहे. त्याचा कुत्रासुद्धा माझ्याकडे असं बघायला लागला!”

“बाई, एक ओळ राहिली. मी चौक उडवला.”

“चौक उडवलास?”

“सरळच जायचं होतं म्हणून...”

“सरळ जायचं असतं तेव्हाच सांगावं लागतं, गधड्या! वळायचं तर वळण दिसतं!” त्यांनी एकदा डोळे मिटले. बीटच्या दिवशी मिटले होते तसे. “किती वाजले?”

“तीन एकोणतीस.”

“हॉल?”

“वर चौकापर्यंत दोन, तिथून नऊ.”

“लोहारशाळा?”

“वाटेवरच आहे. पण बाई, तिथे थांबायला वेळ नाही. उत्तर मी सांगतो, मीच काढलाय प्रश्न. दारावर नाल—”

दोन्ही ओले हातमोजे त्यांनी कानांवर दाबले.

“एक शब्द बोलशील तर बघ! एकशे एकतीस वेळा मी स्वतः बघून लिहिलंय. तू सांगितलंस तर मला कळणारच नाही की मी बघितलं की ऐकलं!”

“वेळ जाईल!”

“जाऊ दे जायचा तर. तुझ्या तोंडाने नको जायला.” मग त्यांची नजर माझ्या मागच्या चाकावर गेली. “हे काय?”

“काही नाही. पंक्चर. तुम्ही व्हा पुढे.”

“ट्यूब?”

“सकाळीच लागली एक. दुसरी नाही.”

त्यांनी सीटखालची पिशवी उघडली आणि मोज्यात गुंडाळलेली एक ट्यूब माझ्या छातीवर फेकली. तीन ठिगळांची.

“ही नाही घेणार मी,” मी म्हणालो. “तुमच्याकडे एवढी एकच आहे. तुमचं चाक गेलं तर?”

“रस्त्यावर कुणाला चाकाशिवाय सोडून मी आजवर गेलेले नाही. तुझ्यासारख्यालासुद्धा नाही. परत दे म्हणजे झालं.”

आणि त्या निघाल्या. पहिल्याच उभ्या चढावर उतरून ढकलत, पण थांबल्या नाहीत. मी ओल्या बोटांनी टायर सोलत बसलो. त्या चढावर दगडच दगड होते, मी आत्ताच अनुभव घेतला होता. एकेक टोकदार दगड मला आठवत होता. त्यातला एक जरी त्यांच्या चाकाखाली आला तर अकरा वर्षं त्या चढावर राहणार होती, आणि त्यांची ट्यूब माझ्या हातात होती. मी आयुष्यात एवढ्या घाईने पंप मारलेला नाही.

चौकाच्या थोडं अलीकडे गाठलं त्यांना. तीन एक्कावन्न. नऊ किलोमीटर, एकोणतीस मिनिटं. आमच्या टेकड्यांत बाईंचा वेग तासाला पंधरा. हिशेब बसत नव्हता. समोरून बोचरा वारा.

“मी पुढे होतो,” मी म्हणालो. “माझ्या मागे चिकटून राहा, वारा लागणार नाही.”

“तुझं कार्ड कुठे आहे?”

“डब्यात. शिक्का मारून.”

“म्हणजे तुझी फेरी संपली. आता तू रस्त्यावरचा कुणीतरी आहेस. माझ्या पुढे यायचं नाही.”

“बाई, कोण बघतंय इथे? मेंढ्या?”

“मी बघतेय.”

तेव्हा मी मागे राहिलो. माझा दिवा मोठा. त्याच्या उजेडात त्यांची सावली त्यांच्याच पुढे रस्ताभर लांब पडली होती आणि त्या सावलीचा पाठलाग करत त्या चालवत होत्या. श्वासाचा आवाज येत होता. डावा गुडघा प्रत्येक फेरीला किंचित बाहेर पडत होता. ‘साठीत काठी लागेल’ असं डॉक्टरने ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, तो गुडघा. एकाच गोष्टीची प्रार्थना करत होतो, की त्या लोहारशाळेशी थांबू नयेत.

थांबल्या. चार वाजून एक मिनिट. सूर्य गेला होता.

सायकल कुंपणाला टेकवली आणि दारापर्यंत चालत गेल्या. दार काळं, नाल काळे. त्यांच्या दिव्याला सायकल थांबली की उजेड नाही.

“माझा दिवा दाखवू?”

“बाहेरची मदत,” त्या म्हणाल्या आणि हातमोजा दातांनी ओढून काढला. मग दारावर बोट ठेवून एकेक नाल चाचपू लागल्या. खालून वर. मी रस्त्यात उभा. ओठांवर ‘सात’ आला होता. तो मी गिळला, पुन्हा आला, पुन्हा गिळला. बाई वर पोचल्या आणि... पुन्हा खालून सुरुवात केली!

“बाई!”

“गप!”

दुसऱ्यांदा मोजून झालं. कार्ड काढलं, कानामागची पेन्सिल काढली, अंधारात अंदाजाने लिहिलं. चार वाजून तीन मिनिटं. साडेपाच किलोमीटर राहिले होते.

पुढचं मला तुटक आठवतं. लांब उतारावर त्यांनी ब्रेकला हात लावला नाही. एका वळणावर शेणाचा थर होता, त्यांचं मागचं चाक सरकलं आणि सावरलं. चर्चचे दिवे दिसले. चार तेरा. मग गावाच्या आधीचा तो चढ, छोटा पण भिंतीसारखा, ज्यावर मी तेविसाव्या वर्षीसुद्धा शिव्या देतो. अर्ध्यावर त्यांची सायकल जवळजवळ उभी राहिली. हँडल डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मी हात पुढे केला, पाठीला लावून ढकलणार होतो. लावला नाही. कसा आवरला ते मला ठाऊक.

हॉलच्या दारात क्लेम व्हॅनच्या किल्ल्या हातात घेऊन उभे होते. बाई सायकल तशीच पायरीवर आडवी टाकून आत गेल्या आणि कार्ड टेबलावर ठेवलं. क्लेमनी आधी घड्याळ बघितलं.

“चार एकोणीस,” ते म्हणाले. शिक्का मारला. तो तिरका बसला. रेल्वेत असं झालं असतं तर अपघात झाला असता.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चहावाल्या बाईने मोठा मग आणला, त्यात चार चमचे साखर. प्रीसबाई खुर्चीत बसल्या, बुटातून पाणी ओतलं. आणि क्लेमनी चष्मा लावून कार्ड उलटलं.

“आयव्ही,” ते म्हणाले. आवाज पडलेला. “उत्तर आठ लिहिलंयस.”

“आठच आहेत.”

“माझ्याकडे सात आहे. प्रश्न काढणाऱ्याने दिलेलं उत्तर सात.”

हॉलमध्ये चमचे वाजायचे थांबले. मला वाटलं, अंधार, बधिर बोटं, थकवा, चुकल्या. माझ्यामुळेच चुकल्या. उत्तर चूक म्हणजे कार्ड गेलं.

“मी हात लावून मोजलेत, क्लेम. दोनदा. वरचा आठवा नवा आहे. बाकी सगळे खडबडीत गंजलेले, तो गुळगुळीत लागला.”

“आयव्ही, नियम तुला माहीत आहे...”

“डबा उघड,” बाई म्हणाल्या.

क्लेमनी बिस्किटांचा डबा टेबलावर पालथा केला. एकेक कार्ड उचलू लागले. आठ. आठ. आठ. आठ. बाजूला ढीग वाढत गेला. आठ. आठ. मग एका कार्डाशी थांबले, ते दिव्याखाली धरलं, नाव वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“नेड हॉचकिस,” ते म्हणाले. “तू लोहारशाळेत थांबला नाहीस.”

“मला उत्तर माहीत होतं,” मी म्हणालो.

“कुठून?”

आता काय सांगणार? प्रश्न काढायलासुद्धा मी तिथे गेलो नव्हतो. घरी बसून, कॉम्प्युटरवर रस्त्याचे फोटो असतात त्यात, दार मोठं करून मोजले होते. फोटो तीन वर्षांपूर्वीचा. त्यानंतर लोहाराच्या मुलाने कधीतरी आठवा नाल ठोकला असणार. त्या दिवशी मी त्या दारासमोरून तीनदा गेलो, आणि एकदा तर तिथे दोन मिनिटं उभा होतो. पण मी नाल बघत नव्हतो, घड्याळ बघत होतो.

मी सगळं सांगितलं. हॉलमध्ये जे हसू फुटलं ते मी काम करतो त्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं अजून माझ्यावर खर्चतात. प्रीसबाई तेवढ्या हसल्या नाहीत. चहाचा मग हातात घट्ट धरून घुटके घेत होत्या.

“ओढ्यापाशी मी कान झाकले नसते,” त्या म्हणाल्या, “तर मी सात लिहिलं असतं.”

“हो,” मी म्हणालो.

“थांबले नसते. दोन मिनिटं आधी पोचले असते. आणि सात.”

“हो, बाई.”

क्लेमनी निळी पेन्सिल काढून माझ्या कार्डावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली, पट्टी लावून. बाईंचं कार्ड त्यांनी दोन्ही हातांनी परत दिलं. त्यांनी ते फुंकर मारून वाळवलं आणि टोपीत ठेवलं. विल्फ न्यायला आला होता, त्याच्या कोटाच्या खिशातून एका फेरेटाचं नाक बाहेर होतं. “उशीर झाला,” तो म्हणाला. “नाही झाला,” बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी मी नवी ट्यूब घेऊन त्यांच्याकडे गेलो. कोठीघराचं दार उघडं होतं, माळ दिसत होती. शेवटचं कार्ड चिखलाचा डाग पडलेलं, त्यामुळे लगेच ओळखू आलं. बाई बीट सोलत होत्या. ट्यूब त्यांनी उलटसुलट करून बघितली.

“माझी तीन ठिगळांची होती. हिला एकही नाही.”

“नवी आहे, बाई.”

“नव्या ट्यूबवर माझा विश्वास नाही. डिसेंबरच्या फेरीला आण, तिथे घेते. रस्त्यावर दिलेली वस्तू रस्त्यावर परत घ्यायची. आणि कागद कोण करतंय?”

“मीच. दोन पानांचा.”

“तीन झाली तरी चालतील,” त्या म्हणाल्या आणि बीटचा एक तुकडा सुरीच्या टोकावर माझ्यापुढे धरला. खाल्ला.

डिसेंबरात ट्यूब घेऊन गेलो. निघताना द्यायला गेलो तर म्हणाल्या, आत्ता खिशात जागा नाही, हॉलवर आल्यावर दे. सत्तेचाळिसाव्या किलोमीटरला माझं पुढचं चाक बसलं. त्यांची नवी ट्यूब सध्या माझ्या पुढच्या चाकात आहे, त्यांची जुनी मागच्या. जानेवारीच्या फेरीला नक्की देणार आहे.